बोरतळीचा दुसरा भोंगा

बोरतळीच्या चावडीवर पहिला भोंगा बसला तो एकोणीसशे अडुसष्टच्या वैशाखात. तो कन्नड बोलायचा, एवढीच उद्धवराव बिरादारांची त्याच्याबद्दल तक्रार होती. त्यानं पुढं गावाचं काय केलं तेही त्यांना दिसत होतंच. पण माणसाची चीड एकदा कुठं जुंपली की सहसा बैल बदलत नाही, आणि उद्धवरावांची चीड छप्पन्न सालापासून जुंपलेली होती.

छप्पन्न साली हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्या झाल्या आणि बोरतळी म्हैसूरकडं गेली. उद्धवराव तेव्हा गावच्या मराठी शाळेत मास्तर होते. त्यांनी राजीनामा दिला, सीमा समितीची गावशाखा काढली, तिचे चिटणीस झाले आणि अर्ज लिहायला बसले. बारा वर्षांत बेंगळूर, मुंबई आणि दिल्ली अशा तिन्हीकडं अर्ज गेले. एकाचंही उत्तर आलं नाही. उत्तर न येणं हेच मागणी न्याय्य असल्याचं लक्षण आहे, असं ते सभेत सांगत, आणि लोक माना डोलावत.

भोंग्याची पेटी तालुक्याच्या विकास ब्लॉकच्या जीपमधून आली. राखी रंगाची, लोखंडी. तिला बटण नव्हतं, काटा नव्हता. संध्याकाळी सातला ती आपली आपण सुरू व्हायची, पावणेआठला आपली आपण गप व्हायची. भोंगा चावडीच्या माळवदावर चढवला, तोंड लिंगायत गल्लीकडं. तिकडंच का, तर गल्लीतल्या पुढाऱ्यांनी जीप भालकीतच गाठली होती. कार्यक्रम साधाच असे: पेरणी, खत, हवामान, बाजारभाव, कुटुंबनियोजन आणि शेवटी एक गाणं. मराठी गल्लीतल्या माणसांना बाजारापुरतं कन्नड येत होतं, पण भोंग्याचं ते इस्त्री केलेलं कन्नड त्यांच्या पल्ल्याबाहेरचं होतं. पाच मिनिटं ऐकून ती धोतर झटकून उठायची. उठायची म्हणून वाचली.

जेठात उद्धवराव तेल आणायला लिंगायत गल्लीतल्या चनमल्लप्पा गाणगेराच्या, म्हणजे तेल्याच्या, घाण्यावर गेले. दोघांची दोस्ती तिसरीपासूनची. बिदर कुणाचं यावर ते बारा वर्षं एकमेकांना शिव्या देत आले होते, आणि शिवी मिळाल्याशिवाय उद्धवरावांनी तिथून कधी तेल नेलं नव्हतं.

त्या दिवशी बैल दावणीला कडबा खात उभा होता. जू जमिनीवर पडलं होतं. आणि घाण्याभोवती बैलाच्या वाटेनं चनमल्लप्पा फिरत होता.

"काय रं गाणगेरा, बैलाला सुट्टी दिलास व्हय? तूच फिरायलास ते?"

चनमल्लप्पा फेरी पुरी करून जवळून गेला. जाताना गोड, घासलेल्या कन्नडमध्ये म्हणाला की येत्या चोवीस तासांत तुरळक ठिकाणी पाऊस पडेल. आवाज त्याचा नव्हता.

त्याची बायको ईरम्मा उंबऱ्यात बसली होती. "काल कार्यक्रमात घाण्याचं सांगितले, अण्णा. तेल कसं काढावं ते. थांबा म्हणून काय सांगितले न्हाईत."

"जेवलाय का त्यो?"

"कार्यक्रमात जेवायचं सांगितले की जेवतेत. काल सांगितले न्हाईत."

घाण्यात तीळ नव्हते. लाकडावर लाकूड करकरत होतं. ईरम्मा बोलत होती तोवर एक माशी तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर येऊन बसली आणि बसूनच राहिली. उद्धवराव रिकामी बरणी घेऊन परत आले.

आषाढ संपेपर्यंत सगळी गल्ली तशी झाली. रोज सातला ती चावडीपुढं रांगांनी बसायची. भांडणं थांबली. बांधावरून भालकीच्या कोर्टात चालू असलेले दावे वादी आणि प्रतिवादी दोघेही न गेल्यानं निकालात निघाले. नसबंदीच्या शिबिराला गल्ली ओळीनं चालत गेली. त्यात सत्तरीपुढचे चार होते आणि डॉक्टरांनी त्यांनाही परत पाठवलं नाही, कारण आकडा भरायचा होता. ब्लॉकचे साहेब पाहणीला आले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. कुणी रस्ता मागितला नाही, पाणी मागितलं नाही, गाऱ्हाणं सांगितलं नाही. असं गाव साहेबांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी वहीत लिहिलं, विकास झालेला आहे.

"अवो, मला भ्या वाटायलंय," उद्धवरावांची बायको राजूबाई एकदा भाकरी वाढताना म्हणाली. लेक नागू सासरी गेल्यापासून घरात ही दोघंच होती. "ईरम्माला सकाळी हाका मारले. बगितलीबी न्हाई माझ्याकडं. धा वर्सं एका हिरीवर पाणी भरलोत आमी."

"परक्या बोलीचं तसंच असतंय. सरकारी कन्नड हाय ते, घरचं न्हवं. डोस्कं बधिर करतंय."

"तिचं घरचंच की वो कन्नड."

उद्धवरावांनी कालवण मागितलं.

श्रावणात चनमल्लप्पा घाण्याच्या वाटेतच पडला आणि मेला. भालकीचा डॉक्टर योगायोगानं गावात होता, त्यानं नाडी बघून सांगितलं. त्यांच्या रिवाजाप्रमाणं मयताला आंघोळ घालून, भस्म लावून, भिंतीला टेकवून बसवलं, गळ्यात हार घातले. गल्लीतल्या कुणाला भजन म्हणायला सांगितलेलं नव्हतं, म्हणून भजनी शेजारच्या गावातून आणले. उद्धवराव दुपारपासून दोस्तासमोर बसून होते.

सातला भोंगा सुरू झाला. चनमल्लप्पा उठला. गळ्यात हार, कपाळावर भस्म, डोळे अर्धे मिटलेले. भजन्यांच्या मधून वाट काढत तो चावडीपुढं गेला आणि तिसऱ्या रांगेत आपल्या जागेवर मांडी घालून बसला. शेजारच्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. पावणेआठला पेटी गप झाली तसा तो डाव्या अंगावर कलंडला. डॉक्टरला पुन्हा बोलावलं. डॉक्टर म्हणाला, मी दुपारीच सांगितलं होतं, मेलाय.

सकाळी त्याला खड्ड्यात बसवून नेहमीपेक्षा दोन हात माती जास्त घातली. त्या संध्याकाळी पावणेआठपर्यंत ती हलत होती, असं त्या वाटेनं शेळ्या आणणाऱ्यांनी सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळपासून हलली नाही.

आता शहाण्या माणसांनी पेटी फोडली असती. बोरतळीच्या मराठी गल्लीनं सभा घेतली. उद्धवराव चावडीच्या पायरीवर उभे राहिले. ते म्हणाले, "माझा दोस्त गेला. मेल्यावरबी त्याला सोडलं न्हाई, असली ही सक्ती. आमाला आमच्या मायबोलीत भोंगा पायजे."

टाळ्या पडल्या. पायरीखाली श्रीमंत उभा होता. बौद्धवाड्यातला, उद्धवरावांचाच विद्यार्थी, औरंगाबादला बी. ए. करून भालकीच्या हायस्कुलात लागलेला.

"गुरुजी, भाषेचं न्हाई ते," तो म्हणाला. "पेटीचं हाय."

"शिरीमंत, तू शिकलेला मानूस. मायबोलीनं कुणाचं कवा वाईट झालंय व्हय रं?"

"आमचं लई झालंय गुरुजी, मायबोलीनंच. पर ते ऱ्हाऊ द्या. तुमी पेटी मागू नका."

सभेनं ऐकून घेतलं आणि अर्ज लिहिला. अकरा दिवसांत तो मंजूर झाला. बारा वर्षांतला हा पहिला मंजूर अर्ज. साहेबांना एक विकास झालेली गल्ली पुरे नव्हती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. श्रीमंतानंही एक अर्ज दिला: भोंग्याचं तोंड ओढ्यापलीकडं बौद्धवाड्याकडं करू नये. समितीला वाटलं होतं हे लोक वाटा मागतील. नको म्हणाले, हे बघून समितीनं तो एकमतानं मान्य केला. गावात दोन्हीकडच्या मनासारखं झालेलं हे पहिलंच काम.

दुसरी पेटीही राखी रंगाची होती. चिटणिसाची बायको म्हणून राजूबाईनं तिला हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं आणि पहिल्या रांगेत बसली. भोंग्यातून स्वच्छ, गोल मराठी आली, "शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो." म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरले. उद्धवरावांचेही भरले असते. पण पहिलं वाक्य संपायच्या आत त्यांना निघावं लागलं. कोहिनूर गावाला सभा होती. बोरतळीला मिळालं, मग तुम्हाला का नको, हे सांगत ते कोहिनूर, भालकी आणि वाटेतली सात-आठ गावं करत फिरले. ज्या भोंग्यासाठी एवढं केलं तो ऐकायला त्यांना वेळ मिळाला नाही.

बाराव्या दिवशी दुपारी ते परतले. मराठी गल्लीत वेशीपासून घरापर्यंत एक माणूस बोलत नव्हता. राजूबाई चुलीपुढं होती. तवा लाल झालेला, त्यावर भाकरी नव्हती. तिचा उजवा तळवा तव्यावर होता.

उद्धवरावांनी हात ओढला. कातडं तव्यालाच राहिलं. ती ओरडली नाही. त्यांच्याकडं, म्हणजे ते होते त्या बाजूला, तोंड करून म्हणाली, "तव्याला हात लावून तो पुरेसा तापला आहे याची खात्री करून घ्यावी."

"अगं ए. नागूचे माय. मी हाय."

"तुरीचे भाव स्थिर आहेत."

तीस वर्षांच्या संसारात ती कधी 'आहेत' म्हणाली नव्हती. तिच्या बोलण्यात उदगीरचं माहेर, हिरीवरचं कन्नड, बाजारातलं दखनी सगळं कालवलेलं असायचं, आणि उद्धवराव, मास्तर असल्यामुळं, ते सुधारत असत. आता सुधारायला काही उरलं नव्हतं. त्यांनी तिच्या हाताला तूप लावलं, फडकं बांधलं, आणि साडेसहाला माळवदावर चढून विळ्यानं दोन्ही भोंग्यांना जाणारी तार कापली.

सातला सगळे आलेच. दोन्ही गल्ल्या चावडीपुढं ओळीनं बसल्या. भोंगे गप होते. पावणेआठला पेटी रोज 'नमस्कार' म्हणायची, त्यावर माणसं उठायची. आज कुणी म्हणालं नाही, कुणी उठलं नाही. उद्धवरावांनी राजूबाईला दंडाला धरून उठवलं, घरी नेलं. हात सोडला तशी ती परत येऊन जागेवर बसली. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. उन्हात माणसं बसून होती. ओढ्यापलीकडून श्रीमंत आणि वाड्यातली माणसं घागरी घेऊन आली आणि एकेकाच्या तोंडाला तांब्या लावत सुटली. एरवी या तांब्यावरून गावात दगड पडले असते. आता गल्लीनं तोंडं उघडीच ठेवली होती. पण पाणी तोंडात जाऊन हनुवटीवरून खाली येत होतं. गिळायला सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळी म्हातारी कोंडाबाई बसल्या जागी गेली. तिच्यामागं लिंगायत गल्लीतले दोघे.

चौथ्या दिवशी उद्धवरावांनी स्वतःच्या हातानं तार जोडली. सातला दोन्ही भोंगे म्हणाले की ऋतुबदलात भरपूर पाणी प्यावं आणि आहार हलका ठेवावा. सगळं गाव उठून ओढ्यावर गेलं आणि पालथं पडून पाणी प्यालं. उद्धवराव कानात बोटं घालून माळवदावर बसून राहिले. कापताही येत नव्हतं, ठेवताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते चावडीत पेटीपुढं बसले होते, तेव्हा श्रीमंत आला. त्याच्या हातात इंग्रजी पुस्तक होतं, दुसऱ्या पेटीबरोबर आलेलं. ते चावडीच्या कोनाड्यात उंदरांनी अर्धं खाल्लं होतं आणि कुणी उघडलं नव्हतं.

"गुरुजी, आत बोलायचं यंतर हाय. खालचा पत्रा काढला की. गावच्या सूचना देन्यासाठी म्हून लिव्हलंय."

"मी बोलू?"

"तुमचा आवाज वळखीचा हाय. शाळेत सगळे तुमच्याच हाताखालून गेलेत. घरात तुमी बोलल्यालं ऐकत न्हाईत काकू, पर भोंग्यातनं ऐकतील. बगा तर."

पत्रा निघाला. आत तारेला टांगलेला मुठीएवढा गोळा, वर तांबडी कळ. ओढ्यापलीकडं भोंग्याच्या वेळी सगळेच कानात कापूस घालत; श्रीमंतानं त्या सवयीनं घातलेला कापूस काढला. उद्धवरावांनी कळ दाबली. घसा खाकरला. माळवदावर भोंगाही खाकरला, आणि मराठी गल्लीतली दारं एकदम उघडली. माणसं, बायका, हातातलं काम हातात घेऊन चावडीपुढं आली. राजूबाईच्या हातात फडकं बांधलेलं होतं, त्यातून पाणी गळत होतं.

"पयल्यासारखे व्हा," उद्धवराव म्हणाले.

गल्लीनं माना वर केल्या आणि वाट बघितली. पहिल्यासारखे म्हणजे कसे, ते सांगितलेलं नव्हतं.

"हसा."

सगळी हसली. एकाच वेळी, एकाच आवाजात, बत्तीस दात दाखवून. ज्यांना दात नव्हते त्यांनी हिरड्या दाखवून. उद्धवरावांनी घाईनं बस म्हणून सांगितलं तेव्हा थांबली. मग त्यांनी राजूबाईला पुढं बोलावलं. गल्लीत राजूबाई चार होत्या. चौघी पुढं आल्या.

श्रीमंत हळू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. नुसतं जेवायला सांगा. रोज दोनदा सांगत ऱ्हावा, माणसं जगतील."

"जगतील रं," उद्धवराव कळेवरचं बोट काढून म्हणाले. "पर ती आत हाय का न्हाई, तेवढं मला कळाया पायजे. एक इचारतो. तिनं न्हाई सांगितलं, तर ती हाय. मग मी मरंस्तवर हितं बसून बोलंन."

श्रीमंताला कळलं ते काय विचारणार. गावातल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं. राजूबाईनं तीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा अर्धा तास उंबऱ्याबाहेर उभी राहिली, घेतलं नाही. एकसष्टच्या शिरगणतीला कारकून दारात आला, त्याला 'नागूचे बाप' एवढंच सांगितलं. तो कावला, तर शेजारणीला हाक मारून तिच्याकडून नाव वदवलं. उद्धवरावांना विषमज्वर झाला तेव्हा भालकीच्या दवाखान्यात रोग्याचं नाव काय म्हणून विचारलं. नाव लिहिल्याशिवाय खाट मिळेना. ती रडत होती, आणि भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीतल्या उद्धवाकडं बोट दाखवत होती. तिच्याही परीनं तिला ते नाव सांगायचंच होतं, फक्त तोंडानं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. उद्धवरावांनी या अडाणीपणावर तिला किती व्याख्यानं दिली होती.

ते पुन्हा कळेवर बोट ठेवून बसले. दाबायला वेळ लागला. ऊन चढलं होतं. पुढच्या रांगेत चार राजूबायांमध्ये त्यांची राजूबाई दुसरी होती. पदर डोक्यावरून घसरलेला, तो तिनं सावरला नव्हता. तिनं गप्प राहावं एवढंच त्यांना हवं होतं. अडून बसावं, लाजावं, पळून जावं, हिरीत उडी टाकीन म्हणावं; काहीही.

"आपापल्या नवऱ्याचं नाव सांगा," ते म्हणाले.

ती थांबलीसुद्धा नाही. चाळीसएक बायकांनी एकदम तोंडं उघडली. विधवांनीही सांगितली. त्या गलक्यातून उद्धवरावांना तिचा आवाज वेगळा काढता आला, कारण तीस वर्षं तोच ऐकला होता. पण त्यातला सूर पेटीतल्या बाईचा होता.

"माझ्या पतीचे नाव उद्धवराव माणिकराव बिरादार."

उखाणा नाही, अडखळणं नाही. हवामान सांगावं तसं.

उद्धवरावांनी बोट काढलं. गोळा तारेला झुलत राहिला. "घेतलं," ते म्हणाले.

श्रीमंतानं ऐकलंच होतं. डोक्यावरची टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली, आणि मयताच्या घरी बसतात तसा गुरुजींच्या शेजारी, त्यांच्याकडं न बघता, बसला. ओढ्यापलीकडून कुणाच्या तरी घरातलं जातं ऐकू येत होतं. उद्धवरावांनी एक-दोनदा म्हटलं, "न्हाई घ्यायची गं तू," एवढंच, आणि तेही कळ न दाबता.

पायरीखाली माणसं उन्हात उभी होती. त्यांना घरी जा म्हणून सांगायचं राहिलं होतं.